नार्व्याला जाणारी होडी

गोमंतकात नदीकाठी राहणाऱ्या माणसांना नदी दिसते ती बहुधा पुलावरून. मांडवीचा उगम कर्नाटकात, भीमगडच्या रानात. बेळगावकडील आमचे आप्त तिला म्हादई म्हणून ओळखतात, आणि तिच्या पाण्यावरून दोन राज्यांत चाललेला वाद त्यांना व आम्हांला सारखाच परिचित आहे. पणजीपाशी येईतो तीच नदी इतकी रुंद होते की तिच्याकडे पाहण्यापेक्षा ती ओलांडण्याचीच घाई माणसास अधिक. पहिला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला तेव्हा काही काळ सगळे गाव पुन्हा फेरीबोटीवर आले होते. मग एकाचे दोन पूल झाले, २०१९ साली उंच खांबांचा तिसरा आला, आणि नदी पुन्हा खाली राहिली. आम्ही उभयता तीस वर्षे रायबंदरात राहतो. पणजीहून येणारा तो सतराव्या शतकातील दगडी बांध आम्ही रोज दोनदा ओलांडतो. एका हाताला मिठागरे, दुसऱ्या हाताला मांडवी. परंतु चोडणच्या फेरीबोटीखेरीज त्या पाण्यावर आम्ही कधी पाऊल ठेवले नव्हते.

शिडाची होडी या नदीला नवी नाही. समोरच्या दिवाडी बेटावरील कारखान्यांत आजही शिडाची जहाजे बांधली जातात. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय कमांडर दिलीप दोंदे ज्या 'म्हादेई'तून २००९ साली निघाले ती तेथलीच. सहा महिला नौदल अधिकाऱ्यांना घेऊन जगाला वळसा घालून मे २०१८ मध्ये गोव्यास परतलेली 'तारिणी' तेथलीच. काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधलेले आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेले 'कौंडिण्य'सुद्धा तेथलेच. मोठ्या शिडांचे असे कौतुक चालू असताना आमच्या काठावरची लहान शिडे मात्र केव्हा नाहीशी झाली ते कोणाच्या लक्षातही आले नाही. होडीच्या मागे यंत्र बसले, आणि शीड घडी होऊन माळ्यावर गेले.

आमच्या घरापासून चार घरे सोडून एक काकी राहतात. त्यांचे यजमान तारवटी. उभा जन्म परदेशी बोटींच्या इंजिनघरात गेला. निवृत्तीनंतर त्यांनी मुंबईच्या एका गृहस्थाकडून शिडाची एक लहान होडी आणली, चार हंगाम ती चालवली, आणि पुढे पायांनी साथ सोडल्यावर परसातील मांडवाखाली पालथी घालून ठेवली. ते गेल्याला आता अकरा वर्षे झाली. होडीवर प्रथम नारळाच्या झावळ्या आल्या, मग चुडते, मग सरपण. सरपणाखाली होडी आहे ही गोष्ट आम्हांलाही एका दुपारी कळली ती अशी, की किनाऱ्यावरील एका हॉटेलचा मनुष्य मोजपट्टी घेऊन काकींच्या अंगणात उभा होता. त्याला ती मधोमध कापून, दोन्ही अर्ध्या भागांना उभे करून, बाटल्या ठेवायची कपाटे करायची होती. गोव्यात जुन्या होड्यांची ही गत आता सर्रास झाली आहे.

काकींनी त्याला होकारही दिला नव्हता आणि नकारही. तो गेल्यावर आम्ही सहज विचारले, "काकी, आम्हीच घेतली तर?"

त्यांनी आमच्याकडे जरा वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "पैसे नकोत. हे मला म्हणाले होते, एकदा होडीतून नार्व्याला नेईन, सप्तकोटेश्वराला. फेरीबोटीतून नव्हे, आपल्या होडीतून. ते राहिले. तुम्ही न्याल तर होडी तुमची."

त्या वेळी काकींचे वय चौऱ्याहत्तर होते. सौदा ठरला खरा, परंतु घरी परतताना आम्ही दोघेही गप्प होतो. कपाटाची किंमत एकदा देऊन मोकळे होता येते. ही किंमत चुकती करायची तर होडीत एक वृद्ध बाई बसवून तिला वाहत्या नदीवरून दोन-तीन तास न्यायचे होते.

होडी एंटरप्राइज जातीची निघाली. जॅक होल्ट नावाच्या इंग्रज रचनाकाराने १९५६ साली ही होडी आखली, आणि 'न्यूज क्रॉनिकल' या दैनिकाने तिचा पुरस्कार केला. मध्यमवर्गी माणसाने कापलेल्या तक्त्यांचा संच विकत घ्यावा आणि घरच्या पडवीत स्वतःच होडी उभी करावी, अशी ती कल्पना. त्या वर्षीच्या जानेवारीत अशा दोन होड्या कडाक्याच्या थंडीत रात्रीच्या वेळी डोव्हरहून कॅलेपर्यंत इंग्लिश खाडी ओलांडून गेल्या, आणि जातीची कीर्ती झाली. लांबी सव्वातेरा फूट, रुंदी सव्वापाच फुटांच्या आसपास, नुसते सांगाड्याचे वजन सुमारे ९० किलो, म्हणजे चौघांनी सहज उचलावी एवढे. निळे शीड ही तिची ओळख. भारतातील नौकानयन मंडळांतूनही ती पुष्कळ वर्षे होती, आणि आपल्याकडच्या अनेकांचे शिडाचे पहिले धडे हिच्यावरच झाले.

आम्ही मेस्ताला बोलावले. हा मेस्त मासेमारीच्या होड्या बांधणाऱ्या घराण्यातला. आयनी आणि साग यांच्या फळ्यांत त्याची हयात गेली. प्लायवुडच्या होडीकडे त्याने प्रथम पाहिले ते एखाद्या वैद्याने होमिओपॅथीच्या गोळ्यांकडे पाहावे तसे. मग सरपण उतरवून, होडी उलथी करून, त्याने स्क्रू पिळण्याच्या हत्याराच्या मुठीने तिला टकटक करत पुढून मागे नेले. धड लाकूड खणखणीत बोलते, कुजलेले बद्द वाजते. जेथे आवाज बसला तेथे तो खडूने फुली करी. तासाभरात मागची फळी, तळाचा उजवा भाग आणि मध्यभागी पाते वरखाली करण्याची जी उभी पेटी असते तिचा पाया, एवढ्या ठिकाणी फुल्या दाटल्या.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुष्कळांची समजूत उलटी असते. लाकडाची होडी खाऱ्या पाण्याने तितकी कुजत नाही जितकी पावसाच्या गोड्या पाण्याने कुजते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. तिला हवे असते गोडे पाणी, कोंडलेली हवा आणि ऊब, आणि आमच्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस या तिन्ही गोष्टी एकदमच पुरवतो. नदीत चार हंगाम राहून होडीला काही झाले नव्हते. मांडवाखाली पालथी, जमिनीला टेकलेली, वरून सरपणाने गुदमरलेली असताना ती गेली. खाऱ्या पाण्याने आपली खोड काढली होती ती वेगळ्याच जागी. पितळेचे स्क्रू बाहेरून पिवळे दिसत होते, पण पिळताच बिस्किटासारखे तुटत. आतून ते लालसर पडले होते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. खाऱ्या पाण्यात त्यातले जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे उरते ते पोकळ तांबे. आम्ही एकेक तुटका स्क्रू डब्यात टाकत गेलो. डबा भरला.

सर्व पाहून झाल्यावर मेस्त पायरीवर बसला आणि म्हणाला, "बाब, पठाण धड आहे, नाळही धड आहे. तुम्ही दोघेच बसणार असाल तर वरून ठिगळ मारून रंग काढतो, दोन वर्षे जाईल. पण काकीला बसवणार असाल तर हे सगळे कापून काढले पाहिजे."

खर्चाचा आकडा त्याने सांगितला तो एका नव्या स्कूटरच्या जवळ जाणारा होता. या होडीला बाजारात त्याच्या चौथाईनेही कोणी घेतले नसते. घरात दोन दिवस यावर बरीच चर्चा झाली. आमच्यातील एकाचे म्हणणे असे, की काकींना भाड्याच्या यंत्रहोडीतून नार्व्याला नेऊन आणावे आणि आपल्या हौसेला ठिगळ पुरे. दुसऱ्याचे म्हणणे असे, की मग ती होडी फुकट घेतल्यासारखी होईल. दुसऱ्याचे म्हणणे टिकले, याचे श्रेय बहुतांशी चिकाटीला दिले पाहिजे.

प्लायवुड मिळवणे हे एक प्रकरणच आहे. दुकानात प्रत्येक तक्ता 'मरीन' म्हणूनच विकला जातो. आपण पाहायची ती भारतीय मानकाची ७१० या क्रमांकाची मोहोर. त्या प्रतीचा तक्ता ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी त्याचे थर सुटता कामा नयेत, अशी कसोटी आहे. आम्ही दोन दुकानांतून हातभर तुकडे आणले आणि स्वयंपाकघरात मोठ्या टोपात उकळत ठेवले. रात्री गॅस बंद करावा लागे, तेव्हा कसोटी शास्त्रशुद्ध झाली असे म्हणवत नाही. तथापि एक तुकडा दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच पुस्तकासारखा उलगडला, आणि निवड सोपी झाली. त्या टोपात पुढे भात शिजवावा की नाही यावर मात्र आमच्यात अजून एकमत नाही.

तळाचा कुजका भाग कापल्यावर होडीला एवढे मोठे भोक पडले की त्यातून शेजारच्या मांजराने ये-जा सुरू केली. नवा तुकडा जुन्याला नुसता टेकवून चालत नाही. दोघांच्या कडा तिरक्या तासाव्या लागतात, जाडीच्या आठपट लांबीच्या उतारावर. सहा मिलिमीटर जाडीच्या तक्त्याला अठ्ठेचाळीस मिलिमीटरांचा उतार. असे दोन उतार एकमेकांवर बसवून इपॉक्सीने चिकटवले की सांधा मूळ लाकडाइतका बळकट होतो, आणि वाकवतानाही तेथे कोन पडत नाही. मेस्ताला इपॉक्सी नवे नव्हते, पण त्यावर त्याचा विश्वास बेताचा. त्याच्या आजोबांच्या काळी होड्यांच्या फटींत काथ्या आणि राळ जाई, आणि लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल पाजले जाई. मात्र तासणीच्या कामात त्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. रंध्याची एकेक साल तो उजेडाकडे धरून पाही. चार थरांच्या रेषा समांतर उतरत गेल्या आहेत हे दिसल्याखेरीज त्याने कड सोडली नाही. त्या आठवड्यात आमच्या घरातील मंडळी कामावरून परत आली की चहा न घेता आधी काकींच्या परसात जात.

इपॉक्सीला दमट हवा सोसत नाही, वर चिकट मेण धरते आणि पुढचा थर बसत नाही. म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत आम्ही फक्त खरवडले, सुकवले आणि वाट पाहिली. खरे काम दिवाळीनंतर झाले. पात्याची पेटी ही या जातीच्या होड्यांची दुखरी जागा. बहुतेक गळती तेथूनच होते, कारण पाण्याने ढकललेल्या पात्याचा सारा जोर त्या पायावर येतो. ती आम्ही पूर्ण उकलून पुन्हा बसवली, आणि यावेळी पितळेऐवजी सिलिकॉन-ब्राँझचे स्क्रू घातले. ते मिळायला अडीच महिने लागले.

शिडांच्या बाबतीत नशीब बरे होते. काकांनी ती माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवली होती. निळ्या टेरिलीनवर बुरशीचे डाग होते, पण कापडाचा जीव शाबूत होता. गेली होती ती शिवण. उन्हाने आधी मरतो तो दोरा, कापड मागाहून. ताडपत्र्या शिवणाऱ्या एका कारागिराने ती सारी शिवण नव्या पॉलिएस्टर दोऱ्याने नागमोडी टाक्याने घेतली. शर्यतीचे शीड सुमारे ११३ चौरस फुटांचे. त्याशिवाय सहलीसाठीचा एक लहान जोड काकांच्या गाठोड्यात सापडला. तो सापडला तेव्हा काकी म्हणाल्या, "हा माझ्यासाठीच आणला होता. मोठ्या शिडाने होडी फार कलते म्हणायचे."

जानेवारीत होडी पाण्यात गेली. पहिल्या दिवशी तिला शीड चढवलेच नाही. कमरभर पाण्यात, ओहोटी संपता संपता, आम्ही ती मुद्दाम उलटी केली. पाण्यात बुडाली तरी तरंगत राहावी म्हणून आत हवेच्या पिशव्या बांधलेल्या असतात. त्या दोन्ही अंगांना सारख्या उचलतात की नाही, पात्यावर उभे राहून होडी परत सरळ होते की नाही, आणि भरलेले पाणी उपसायला किती वेळ लागतो, एवढे पाहायचे होते. काठावर शाळकरी मुलांची गर्दी जमली. होडी सहा वेळा उलटली आणि सहा वेळा उभी राहिली. सातव्या वेळी मुलांनीच उलटली. पाणी उपसायला दर वेळी सात-आठ मिनिटे लागत. पेटीच्या पायाशी एक थेंबही आत येत नव्हता. मेस्ताने हात घालून तळ चाचपला आणि काही न बोलता बिडी पेटवली.

मग महिनाभर आम्ही दोघेच जात होतो. सकाळी जमिनीवरून मतलई वारा, साडेदहा-अकराच्या सुमारास एक निश्चल घटका, आणि त्यानंतर समुद्राकडून खारा वारा, हे वेळापत्रक आम्ही शाळेच्या भूगोलात पाठ केले होते. ते आपल्या गालावर कळते हे साठीला आल्यावर समजले. चोडणच्या टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. तेथील तिवरांच्या कडेने यंत्राविना गेले की बगळे उडत नाहीत, फक्त मान वळवतात. खाजन शेतांच्या बांधांतील मानशीची दारे भरतीच्या वेळी पाण्याच्या दाबाने आपोआप कशी मिटतात तेही पाण्यावरूनच नीट दिसते. खाली पणजीपाशी, जेथे जुगाराची तरंगती जहाजे रात्रभर झगमगत असतात, तिकडे मात्र आम्ही जात नाही. कुंभारजुव्याच्या खाडीतही नाही, तेथे सुसरी आहेत.

नार्व्याचा दिवस माघात ठरला. अष्टमीचे तीर्थस्नान श्रावणात असते, पण त्या दिवसांत नदी अशा होडीची नव्हे. आम्ही आधी फेरीबोटींनी जाऊन सारी वाट पाहून आलो, कोठे उथळ आहे, कोठे तारा आडव्या जातात. भांगाची भरती निवडली. उधाणाच्या वेळी ओढ फार असते. दुपारी बाराला काकी धक्क्याच्या उतारावर आल्या, नेसूचे लुगडे, त्यावर तरंगण्याचे नारिंगी जाकीट, हातात नारळ आणि फुलांची पुडी. मेस्त होडीची नाळ धरून गुडघाभर पाण्यात उभा होता. "काकी, मधल्या पाटावर. आणि मी सांगेपर्यंत उठायचे नाही," असे तो म्हणाला, आणि काकी, ज्यांनी आयुष्यात कोणाचे ऐकल्याचा लौकिक नाही, त्या निमूट बसल्या.

खारा वारा पाठीशी, भरती पाठीशी, लहान शीड. पाणी होडीच्या अंगाशी बारीक खळखळत होते, एवढाच आवाज. उजव्या हाताला जुने गोवे झाडीत मागे राहिले, आम्ही दिवाडीच्या टोकाशी डावीकडे वळून चोडण आणि दिवाडी यांच्यामधल्या पाण्यात शिरलो. टेकडीवरचे दिवाडीचे चर्च बराच वेळ दिसत राहते. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान याच बेटावर. सोळाव्या शतकात ते देऊळ पाडले गेले, आणि भक्तांनी लिंग नदीपलीकडे नेले. १६६८ साली शिवाजी महाराजांनी पलीकडच्या नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. परंतु देव नदीपलीकडे नेला म्हणजे तो होडीतून नेला, हे आम्हांला इतकी वर्षे कधी डोळ्यांपुढे आले नव्हते. रस्त्याने देवळाशी गेलो की आपण दारात उतरतो. पाण्यावरून जाताना मागे दिवाडी आणि पुढे नार्वे एकाच नजरेत येतात, आणि मधले अंतर किती थोडे आणि किती उघडे आहे ते कळते. त्या काळी कोणी कोणत्या वेळी, कोणत्या भरतीला ते पार केले असेल, याचा विचार करत आम्ही दोघे गप्प होतो.

काकी गप्प नव्हत्या. त्या काठावरच्या प्रत्येक घराची नातीगोती सांगत होत्या. मधेच त्यांनी हात पाण्यात घातला, ओला हात कपाळाला लावला आणि पात्याच्या पेटीवर तळहात ठेवून विचारले, "हे नवीन केले ना?" आम्ही हो म्हटले. "हे गळायचे," त्या म्हणाल्या. "ते आत बसून करवंटीने पाणी उपसायचे आणि मला सांगायचे, आणखी थोडे दिवस थांब."

नार्व्याच्या धक्क्याला दोन तासांनी पोचलो. काकींचा भाचा तेथे येऊन थांबला होता. तो त्यांना देवळात घेऊन गेला, आम्ही होडी बांधून मागाहून पोचलो. परतीच्या वाटेला वारा समोरून, अरुंद पाण्यात दर दोन मिनिटांनी होडी वळवावी लागणार, म्हणून काकींना मोटारीनेच परत पाठवण्याचे आधीच ठरले होते. निघताना त्यांनी नारळाचे एक भकल आमच्या हाती दिले आणि दुसरे होडीत ठेवायला सांगितले. मग म्हणाल्या, "मांडवात आता सरपण ठेवत नाही. पावसाळ्यात कोठे ठेवणार होतात तिला?"

संध्याकाळी वारा पडला. ओहोटी लागली होती, तिच्यासोबत आम्ही वल्ही मारत आलो. रायबंदरला पोचेतो साडेसात झाले होते, आणि धक्क्यावर मेस्त कंदील घेऊन उभा होता. त्याने आधी होडीच्या तळात हात घालून पाहिला, मग आमच्याकडे. होडी आता त्याच मांडवात असते, पण सरळ, जमिनीपासून दोन फूट वर, तीन ठिकाणी टेकू देऊन, तळाचे बूच काढून आणि वरचे कापड चारी बाजूंनी हवा खेळेल असे सैल बांधून. पुढच्या माघात दिवाडीला वळसा घालण्याचा बेत आहे. काकी येणार म्हणतात.